समीकरण जुळलं तरी चुकतं: रेडॉक्समधल्या या चुका टाळा

अकरावीच्या रेडॉक्सच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवघेवीच्या क्रियांच्या, धड्यात मार्क जातात ते अवघड प्रश्नांत नव्हे, त्याच त्या चार-पाच चुकांत. त्यातली डोकं फिरवणारी चूक म्हणजे इलेक्ट्रॉन न मोजता अंदाजपंचे आकडे बसवणं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या क्लासबाहेर उभं राहा, एक तरी पोरगं सांगेल, “हाफ रिॲक्शन कशाला, ट्रायलनं दोन मिनिटांत बसतंय की!” बसतंय, खरंय. पण काय बसतंय?

आम्लात परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. ट्रायलवाल्याच्या वहीत हे सापडतं:

२ परमँगनेट + १ पेरॉक्साइड + ६ एच-प्लस → २ मँगनीज टू-प्लस + ३ ऑक्सिजन + ४ पाणी

मोजून बघा. मँगनीज दोन्हीकडं २. हायड्रोजन ८-८, ऑक्सिजन १०-१०. चार्ज डावीकडं +४, उजवीकडंही +४. अशा उत्तरावर फुली पडली की पोरगं वही घेऊन भांडायला येतं: “सर, अणू जुळले, चार्ज जुळला, आणखी काय पाहिजे?”

इलेक्ट्रॉन पाहिजेत. मँगनीजचा ऑक्सिडेशन नंबर +७ वरून +२ वर उतरतो, म्हणजे दोन मँगनीजना १० इलेक्ट्रॉन लागतात. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन −१ वरून शून्यावर जातो, म्हणजे एक रेणू २ इलेक्ट्रॉन देतो. उरलेले ८ कुणी दिले? वरचं समीकरण गुपचूप सांगतंय की −२ वर बसलेला ऑक्सिजनही शून्यावर चढला. इथं तसं घडतच नाही. बाहेर पडणारा ऑक्सिजन वायू सगळा पेरॉक्साइडचा असतो. म्हणून खरं समीकरण:

२ परमँगनेट + ५ पेरॉक्साइड + ६ एच-प्लस → २ मँगनीज टू-प्लस + ५ ऑक्सिजन + ८ पाणी

पेरॉक्साइड ३ घ्या, ऑक्सिजन ४ आणि पाणी ६ लिहा, तेही जुळतं. ७ घेतलं तरी ६ आणि १० नं जुळतं. कारण २ पेरॉक्साइड फुटून २ पाणी आणि १ ऑक्सिजन होणं हे स्वतःच एक जुळलेलं समीकरण आहे. ते कितीदाही मिळवा किंवा वजा करा, बेरीज बिघडत नाही. आणि हा नुसता मार्कांचा मामला नाही. ०.०२ मोलार परमँगनेट १० मिली खर्च झालं, तर ते ०.२ मिलिमोल झालं. खऱ्या समीकरणानं त्याला १७ मिलिग्रॅम पेरॉक्साइड लागतं, ट्रायलवाल्यानं ३.४. उत्तरात पाचपट फरक.

सवय अशी लावा: आधी फक्त दोन ओळी (त्याच हाफ रिॲक्शन), कोण किती इलेक्ट्रॉन देतं आणि कोण किती घेतं. लसावि काढून ते दोन आकडे पक्के करा आणि खोडरबर लांब ठेवा. त्यानंतर हात लावायचा तो फक्त पाण्याला आणि एच-प्लसला. अणू मोजायचे ते शेवटी, पडताळा म्हणून.

याला अपवादही आहेत, त्यातला एक म्हणजे नायट्रिक ॲसिड, आणि तिथं भलेभले घसरतात. उदाहरण आपल्या चांदीच्या गावाचं, हुपरीचंच घ्या. चांदी सौम्य नायट्रिकमध्ये विरघळते तेव्हा नायट्रोजन +५ वरून +२ वर येतो, चांदी शून्यावरून +१ वर जाते. लसावि सांगतो ३ चांदीला १ नायट्रिक. एवढं लिहून पोरं थांबतात, मग उजवीकडं ४ नायट्रोजन दिसले की घाबरून चांदीचाच आकडा बदलतात. अहो, ते १ नायट्रिक फक्त रिडक्शनचं, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारं, झालं. तीन सिल्व्हर नायट्रेट बनायला आणखी ३ लागतात, त्यांचा ऑक्सिडेशन नंबर हलत नाही. दोन खाती वेगळी लिहा, मग बेरीज करा:

३ चांदी + ४ नायट्रिक → ३ सिल्व्हर नायट्रेट + १ नायट्रिक ऑक्साइड + २ पाणी

तीव्र ॲसिड घेतलं की नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि समीकरणच बदलतं: १ चांदीला २ नायट्रिक. १०८ ग्रॅम चांदीला सौम्य मार्गानं ८४ ग्रॅम, तीव्र मार्गानं १२६ ग्रॅम शुद्ध नायट्रिक लागतं. प्रश्नात ‘सौम्य’ की ‘तीव्र’ हा शब्द न वाचता पेन चालवणाऱ्यानं काय करावं? आधी वाचायला शिकावं. (भांड्याच्या तोंडाशी तपकिरी धूर दिसला म्हणजे ॲसिड तीव्रच होतं असंही समजू नका. नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असतो, हवा लागली की तपकिरी होतो.)

डायक्रोमेटमध्ये क्रोमियम दोन आहेत. बदल प्रत्येकी ३, एकूण ६. तीन लिहून पुढं गेलात तर एका डायक्रोमेटला ६ फेरस (लोह टू-प्लस) लागतात हे कधीच येणार नाही.

अल्कधर्मी माध्यमात उत्तरात एच-प्लस उरलं की उत्तर गेलं. आधी आम्लात असल्यासारखं जुळवा, मग जितके एच-प्लस तितके ओएच-मायनस दोन्हीकडं मिळवा, पाणी करा आणि दोन्हीकडचं पाणी उडवा. परमँगनेट आणि आयोडाइडचं शेवटी असं येतं:

२ परमँगनेट + १ आयोडाइड + १ पाणी → २ मँगनीज डायऑक्साइड + १ आयोडेट + २ ओएच-मायनस

थेट ओएच-मायनस टाकून जुळवायचा शॉर्टकट फिरतोय. वेळ वाचतो म्हणे. वाचत नाही.

ऑक्सिजन नेहमी −२ नसतो: पेरॉक्साइडमध्ये −१, ऑक्सिजन डायफ्लोराइडमध्ये +२. अपूर्णांक आला म्हणून दचकू नका, टेट्राथायोनेटमध्ये गंधक सरासरी +२.५ येतो. गूळ पिवळा दिसावा म्हणून गुऱ्हाळात काहीजण टाकतात त्या हायड्रॉस पावडरमध्ये, म्हणजे सोडियम डायथायोनाइटमध्ये, तो +३ असतो.

गरम कॉस्टिक सोड्यात क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःच देतो आणि स्वतःच घेतो. त्याला दोन्ही ओळींत लिहा, शेवटी सगळे आकडे दोननं भागा.

प्रॅक्टिकलला परमँगनेटसोबत सल्फ्युरिकच. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइज करतं आणि रीडिंग जास्त येतं. ऑक्झॅलिक ॲसिड ६०–७० अंशांना तापवून घ्या, उकळू नका. मोहर सॉल्ट (फेरसचं मीठ) मात्र तापवायचंच नाही, हवेनं फेरिक (लोह थ्री-प्लस) होतं. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला तर ॲसिड कमी पडलंय किंवा ब्युरेट घाईनं सोडलंय. मँगनीज +४ वरच अडकलं, म्हणजे ५ ऐवजी ३ इलेक्ट्रॉन, आणि तुमचं गणित आहे ५ चं. ते रीडिंग ओढूनताणून बसवू नका. फ्लास्क धुवा, पिपेटनं पुन्हा १० मिली घ्या.