किराण्यातील पामतेल कसे ओळखावे आणि कसे कमी करावे

घरातील पामतेल कमी करावयाचे असेल, तर किराणा भरताना पुड्याच्या दर्शनी बाजूवर न जाता मागील घटकांची यादी वाचावी. बिस्किटे, फरसाण, नूडल्स यांच्या पुड्यांवर ‘खाद्य वनस्पती तेल’ या शब्दांपुढे कंसात ‘पाम’ किंवा ‘पामोलीन’ (पामतेलाचा पातळ भाग) असे बारीक अक्षरांत छापलेले असते, तर साबणाच्या वडीवर तेच ‘सोडियम पामेट’ या नावाने येते. सुट्या तेलाची ओळख थंडीत पटते. पौषातल्या सकाळी बरणीच्या तळाशी पांढरा, रवाळ साका धरला, तर त्यात पामोलीन असण्याची शक्यता मोठी असते. शेजारच्या बरणीतील करडईचे तेल मात्र पातळच राहते. शेंगदाणा तेलही कडाक्याच्या थंडीत दाटते, म्हणून केवळ एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

ही खटपट करणे मला अत्यंत आवश्यक वाटते, कारण जगातील सुमारे ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येते आणि त्याचा सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. तेथील सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरील वर्षावने पामच्या मळ्यांसाठी तोडली गेली व ओरांगउटान या मोठ्या वानराचा निवारा गेला. त्याहून खोल घाव तेथील पाणथळ जमिनीवर बसतो: हजारो वर्षे न कुजता साठलेला पालापाचोळा चर खोदून कोरडा केला, की तो कार्बन डायऑक्साइड सोडत कुजू लागतो आणि पेटला तर जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहतो. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले आणि धूर सिंगापूरपर्यंत पोहोचला. लागवडीसाठी जमीन मोकळी करणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

तरीही पामतेलाऐवजी तेवढेच आयात सोयाबीन तेल आणणे हा उपाय नव्हे. पाम हेक्टरी तीन टनांहून अधिक तेल देऊ शकते, तर सोयाबीनपासून जेमतेम अर्धा टन मिळते. म्हणजे जमीन कितीतरी अधिक लागते. म्हणून आधी तळण कमी करावे आणि मग आपल्या मराठवाड्याच्या करडईकडे वळावे. काळ्या जमिनीत खोलवर मुळे सोडून हे पीक रब्बीत केवळ ओलीवर येते, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाणही दिले आहेत.

फाल्गुनात नवी करडई निघाली, की ती निवडून, वाळवून घाण्यावर न्यावी. साधारण चार-साडेचार किलोमागे एक लिटर तेल धरावे. ते दोन-तीन दिवस न हलवता ठेवून वरचे नितळ तेल डब्यात ओतावे. ज्वारीच्या भाकरीवर काळ्या तिखटासोबत आणि रोजच्या फोडणीला ते वापरावे. कढईभर तळणासाठी शेंगदाणा तेल घ्यावे. पेंड घाण्यावर सोडून न येता गुरांसाठी घरी आणावी.