सॅलॅमँडरचे पिल्लू पाण्यातून जमिनीवर येताना

सॅलॅमँडर म्हणजे पालीसारखा दिसणारा, बेडकासारखाच उभयचर प्राणी. तो पाळणाऱ्याने आपल्या टाकीत नेमकी कोणती जात आहे, हे आधी निश्चित करावे. हौशी लोकांकडे बहुधा दिसणारा मेक्सिकोचा अ‍ॅक्सोलोटल आयुष्यभर कल्ले राखून पाण्यातच राहतो. तो जमिनीवर यावा म्हणून पाण्यात आयोडीन घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. शिवाय हा प्राणी सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्टात असल्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. उत्तर अमेरिकेतील टायगर सॅलॅमँडरचे पिल्लू मात्र साधारणपणे काही महिन्यांत कल्ले टाकून फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. या बदलालाच रूपांतर म्हणतात, आणि पुढील सूचना त्याच्यासाठी आहेत.

ठाणे-नवी मुंबईत खरी अडचण उष्म्याची आहे. या प्राण्याला १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते, आणि आपल्याकडे मे महिन्यात साध्या खोलीतले पाणीही तीस अंशांच्या आसपास जाते. टाकीवर पंखा लावून पाणी थंड करण्याची युक्ती पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात थोडीफार चालते. खाडीकाठच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंदावत असल्याने तिचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून चिलर (टाकीतले पाणी थंड ठेवणारे यंत्र) किंवा सतत वातानुकूलित राहणारी खोली यांपैकी एकाची तजवीज करता येत नसेल, तर हा प्राणी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बर्फाच्या बाटल्या वीज गेल्यावर तात्पुरत्या कामी येतात, पण रोजचा उपाय म्हणून त्या वापरल्यास तापमान सारखे वरखाली होते. कोमट पाण्यात रूपांतर लवकर उरकते खरे, परंतु त्यातून लहान चणीचा प्राणी तयार होतो, त्यामुळे या घाईत लाभ नाही.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढण्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन वापरावे. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवायचे असल्यास तिच्यावर बारीक कापड बांधावे, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते. पाणीकपातीच्या दिवसांत सोसायटीत टँकर येतो, तेव्हा त्या पाण्याचा गुणधर्म वेगळा असू शकतो. रूपांतर सुरू असताना ते एकदम भरू नये.

पिल्ले एकमेकांचे पाय आणि कल्ले कुरतडतात, गर्दी झाल्यास सरळ खातातही, म्हणून प्रत्येकाला वेगळी टाकी द्यावी. पिसासारखे कल्ले आखडू लागले, शेपटीवरील पातळ पडदा कमी झाला, डोळे फुगीर होऊन पापण्या दिसू लागल्या आणि पिल्लू वारंवार पृष्ठभागावर येऊन हवा गिळू लागले, की रूपांतर सुरू झाले असे समजावे. कल्ले नाहीसे झालेल्या पिल्लाला बाहेर पडण्यास जागा न मिळाल्यास ते बुडून मरू शकते. पाण्याची पातळी कमी करावी, असे सर्वत्र सांगितले जाते. मात्र उथळ पाणी आपल्या हवेत फार लवकर तापते, म्हणून थंडाव्याची खात्री नसेल तेथे पाणी पूर्वीइतकेच ठेवून एका कडेला खडबडीत दगड किंवा झाडाची साल रचून उताराचा काठ तयार करणे अधिक सुरक्षित आहे. टाकीला हवा खेळती राहील असे घट्ट झाकण हवेच, कारण या काळात प्राणी काचेवरून सहज चढतो.

या दिवसांत भूक मंदावते. खाद्याचा आग्रह धरू नये. उरलेले तुकडे लगेच काढावेत आणि रोज थोडे पाणी बदलावे.

कल्ल्यांचे केवळ खुंट उरले आणि प्राणी बराच वेळ काठावर बसू लागला, की त्याला ओलसर टिश्यू कागद अंथरलेल्या डब्यात हलवावे, त्यात उथळ पाण्याची वाटी ठेवावी. हाताळणे टाळावे, नाइलाज झाल्यास साबण पूर्ण धुतलेल्या ओल्या हाताने उचलावे आणि नंतर पुन्हा हात धुवावेत. काही दिवसांनी कायमच्या घरात दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीचा, अनेक पाण्यांतून धुतलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर द्यावा, कारण प्रौढ प्राण्याला बिळात राहणे आवडते. बारीक खडी नको, ती खाद्यासोबत पोटात जाऊन अडकते.

प्रौढाला गांडुळे आणि कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरतात. गांडुळे सोसायटीच्या बागेतून आणू नयेत, तेथे कीटकनाशक मारलेले असते. ठाण्याजवळच्या येऊरच्या रानातून तर मुळीच आणू नयेत, कारण तो भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. त्वचेतून सर्व काही शोषून घेणाऱ्या या प्राण्याला महापालिकेची धूरफवारणी आणि घरातली डासांची कॉइल दोन्ही घातक आहेत, म्हणून फवारणीची गाडी आल्यास खिडक्या बंद कराव्यात. सांभाळणे अशक्य झाल्यास त्याला ठाण्याच्या उपवन तलावात किंवा कोणत्याही नाल्यात सोडू नये. त्याच्या अंगावरील बुरशीची लागण आपल्या बेडकांना होऊ शकते, म्हणून त्याला दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याकडेच सोपवावे.