पिकअपच्या गॅरेजात नवीन असाल तर: गरम इंजिन, क्लच, नोझल आणि खर्चाचा कागद

आयटीआय करून नागपुरात वाडी, कळमना, पारडीच्या बाजूला पिकअपच्या गॅरेजात लागणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. पाना कसा धरायचा, ऑइल किती भरायचं हे तुम्हाला येतंच. अडतं ते इथे: गाडी दारात उभी राहिली की आधी काय बघायचं आणि मालकाला आकडा कोणता सांगायचा. खालचे आकडे साध्या गॅरेजातले आहेत, तेही अंदाजे. मॉडेल आणि मालाचा दर्जा बदलला की तेही बदलतात.

उन्हाळ्यात, त्यातही नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की, सगळ्यात जास्त गाड्या येतात त्या काटा लाल पट्टीत गेला म्हणून. आल्या आल्या इंजिन खोलू नका. इंजिन थंड होऊ द्या आणि स्वस्तापासून महागाकडे जा. आधी फॅन बेल्टचा ताण. मग रेडिएटरची जाळी: विदर्भात तिच्यात नुसती धूळ नसते, जिनिंगची रुईही असते. ती बाहेरून दिसत नाही, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत गादीसारखी बसते. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर पत्र्या आडव्या होतात आणि होतं नव्हतं तेही वारं बंद. मग रेडिएटरचं झाकण. शे-दोनशे रुपयांच्या या झाकणाला कुणी विचारत नाही, पण साधारण १ बारचा दाब त्याने धरला तर साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं की दाब जातो आणि पाणी १०० लाच उसळतं. मग व्हिस्कस फॅन (आतल्या घट्ट ऑइलच्या जोरावर फिरणारा पंखा): इंजिन पुन्हा गरम करून बंद करा आणि पातं हाताने फिरवा. भिंगरीसारखं गरगर फिरलं तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलंय. वॉटर पंपाच्या खालच्या बारक्या भोकातून ओघळ दिसला तर पंप, मालासकट २,५०० ते ४,५००.

आता थर्मोस्टॅट. यावर जरा जास्त लिहिणार, कारण नवा माणूस इथेच फसतो. आम्हीही फसलो, अजून खटकतं.

‘थर्मोस्टॅट काढून टाक, नागपुरात त्याचं काय काम?’ हे पहिल्याच महिन्यात ऐकाल, तेही वीस-वीस वर्षं हात काळे केलेल्या उस्तादाकडून. उस्तादाचा हात शिका, कान शिका. आवाजावरून बेअरिंग सांगणारे लोक आहेत, त्यांच्यापुढे स्कॅनर झक मारतो. पण ही एक गोष्ट त्यांच्याकडून घेऊ नका.

इंजिन थंड असताना पाणी बायपासच्या वाटेने इंजिनातच फिरतं. तापलं की थर्मोस्टॅटमधलं मेण फुगतं आणि झडप रेडिएटरची वाट उघडते. बऱ्याच डिझेल इंजिनांत त्याच थर्मोस्टॅटचं दुसरं टोक त्या वेळी बायपास बंद करतं. हे दुसरं काम लोक विसरतात. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. उकळतं पाणी रेडिएटरला न शिवता पुन्हा पंपात जातं. रिकाम्या गाडीत काही कळत नाही, मालक खूश होऊन जातो. तीच गाडी काटोलची संत्री भरून सिवनी रस्त्यावरचा कुरई घाट चढायला लागली की काटा वर. डिसेंबरच्या पहाटे उलटं: इंजिन तापतच नाही, डिझेल जास्त जातं, कच्चं डिझेल रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घ्या. झडप बोटाने जरा उघडून तिच्यात दोरा चिमटवा आणि थर्मोस्टॅट दोऱ्याला टांगून पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर. गॅस मंद. झडप हलली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टुपकन खाली बसतो, त्या क्षणी अंश वाचा. अंगावर कोरलेला आकडा, बहुतेकदा ८२ किंवा त्याच्या जवळचा, आणि तुमचा आकडा दोन-तीन अंशांत जुळला तर तो निर्दोष आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. उकळलं तरी पडला नाही तर नवा, ५०० ते १,२००. बसवताना हवेचं बारकं भोक वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर हेडात हवा अडकते आणि नवा पार्ट टाकूनही गाडी गरमच. बोअरचं पाणी ओतू नका, क्षार नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

हा हट्ट कशासाठी, ते हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकच्या मधला थर) गेल्यावर कागदावर दिसतं. पॅकिंग सेट २,५०० ते ४,५००, हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) ८०० ते १,५००, हेड बोल्ट १,२०० ते २,०००, वॉल्व्ह ग्राइंडिंग १,५०० ते ३,०००, ऑइल-फिल्टर-कूलंट ३,००० ते ४,०००, मजुरी ६,००० ते ९,०००. एकूण १५,००० ते २४,०००. हेडला तडा निघाला तर हा हिशेब विसरा. खोलण्याआधी खात्री करा: थंड इंजिन चालू करून रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का, वरचा होज दोन मिनिटांत दगडासारखा होतो का, ऑइलवर दुधाळ साय आहे का. पाणी कमी होतंय पण गळती कुठेच नाही, तर पॅकिंगवर बोट ठेवण्याआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर पाण्याने थंड करणारा) तपासा, पाणी तिथूनही आतल्या आत जातं. जुन्या पॅकिंगच्या कडेचे काप मोजल्याशिवाय नवं आणू नका. त्या कापांवरून जाडी ठरते. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच.

क्लच. कळमना मार्केटच्या गेटवर रांगेत अर्धा क्लच धरून उभे राहणारे ड्रायव्हर तुमचं घर चालवतात. हँडब्रेक ओढा, चौथा गिअर टाका, क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट अजून धरते. न पडता घुमत राहिलं तर घसरतेय. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग मिळून ७,००० ते १०,०००, मजुरी दीड ते अडीच हजार. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील बघा. ओलसर असेल तर बदला. त्या काही शे रुपयांसाठी महिन्याभरात पुन्हा बॉक्स उतरवला तर मजुरी तुमच्याच खिशातून जाते.

कॉमन रेल गाडी (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, दाबाचं डिझेल देणारी) असेल तर एक गोष्ट ठणकावून सांगतो. जुन्या पंपाच्या गाडीत चालू इंजिनाचा नोझल पाइप ढिला करून कुठला सिलिंडर मेला ते बघायचे. कॉमन रेलमध्ये हे कधीही करायचं नाही. रेलमध्ये हजार बारच्या वर दाब जातो, ती धार कातडीतून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. कुणीही सांगितलं तरी नाही. रिटर्न नळ्यांना चार सारख्या बाटल्या लावा, दोन मिनिटं इंजिन चालवा, ज्या बाटलीत डिझेल फार जास्त आलं तो इंजेक्टर संशयित. चारही बदलायची घाई नको, नवा एकच दहा हजारांच्या पुढे जातो. टेस्ट बेंचवर पाठवा, दुरुस्त होत असेल तर तीन-पाच हजारांत भागतं. तांब्याचा वॉशर दर वेळी नवा. इंजेक्टरवर कोड असेल तर तो स्कॅनरने गाडीत भरावा लागतो, नाहीतर नवा टाकूनही खडखड तशीच. आणि हे सगळं करण्याआधी डिझेल फिल्टरखालचं पाणी काढून बघितलंत का?

मागची बाजू सोपी आहे. गिअर टाकताना ‘टक्’ वाजलं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, ठरावीक वेगाला थरथर आली तर त्याच शाफ्टचं सेंटर बेअरिंग, गाडी एका बाजूला झुकली तर पाट्याचं (स्प्रिंगचं) पान तुटलंय. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरल्यावर पाट्याला दोष देण्यात अर्थ नाही. हे मालकाला तोंडावर सांगायला वर्षभर धीर होणार नाही, चालतं.

आकडा तोंडी सांगू नका. कागदावर तीन रकाने पाडा: माल, लेथवरचं काम, मजुरी. खाली एक ओळ, ‘खोलल्यावर वाढू शकतं ते’. सुरुवातीला अंदाज चुकतात, सगळ्यांचेच चुकतात. लोकल माल टाकणार असाल तर तसं लिहा. आणि काढलेला जुना पार्ट पुसून, पिशवीत घालून मालकाच्या सीटमागे ठेवा, त्याने मागितला नाही तरी.