रात्री पाय स्वस्थ पडू देत नाहीत? आधी फेरिटिन तपासा

दिवसभर काही त्रास नसतो. रात्री अंग टेकलं की पोटऱ्यांत आतून वळवळ सुरू होते आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. घरातले म्हणतात वात आहे, पाय चेपून घे. मोठी माणसं तर पाय हलवू नकोस म्हणून दटावतात. हा रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून अंगावर काढू नका.

आधी ओळख पटवा. पाय हलवावेसे वाटणं, स्वस्थ बसल्यावर ते वाढणं, चाललं की बरं वाटणं आणि संध्याकाळनंतर जोर चढणं, या चारही गोष्टी जुळायला हव्यात. पोटरीत गोळा आला तर ती दगडासारखी कडक होते आणि दुखते. इथे तसं होत नाही.

मग रक्त तपासा. इथेच बहुतेकांचं चुकतं. हिमोग्लोबिन चांगलं आलं की विषय संपला असं वाटतं, पण या आजारात मेंदूला लोह कमी पडत असतं आणि शरीरातला लोहाचा साठा कळतो फेरिटिनवरून. सकाळी उपाशीपोटी फेरिटिन आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह आहे ते) या चाचण्या करून घ्या. लॅबच्या कागदावर फेरिटिन ३० म्हणजे 'नॉर्मल' छापून येईल; या त्रासात मात्र ७५ च्या आत असेल तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. मनाने गोळ्या सुरू करू नका, जादा लोहही घातक असतं. गोळी सुरू झालीच तर लिंबूपाण्यासोबत घ्या आणि तिच्या आगेमागे तास-दोन तास चहा टाळा. मिसळीनंतर चहा लागणाऱ्या आपल्या नाशिककरांना हे जड जाईल, पण चहाने लोह अंगी लागत नाही. संध्याकाळचा चहा-कॉफी आणि दारूही बंद करून बघा.

घरातली औषधं डॉक्टरांना दाखवा. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि नैराश्यावरची काही औषधं हा त्रास वाढवतात. नैराश्याची गोळी मात्र परस्पर थांबवू नका.

रात्री वळवळ सुरू झाली तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठा. भिंतीला तळहात टेका, एक पाय मागे घ्या, टाच जमिनीला चिकटलेली ठेवा आणि पोटरी ताणली जाईल इतकं पुढे झुका. तीस आकडे मोजा, मग दुसरा पाय. डिसेंबरच्या थंडीत गरम पाण्यात पाय सोडून बसणं अनेकांना मानवतं. काहींना गार पाणीच बरं वाटतं. संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारा, पण झोपायच्या तोंडावर दमवणारा व्यायाम नको.

पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जा-ये करणाऱ्यांना सकाळी फारसं जाणवत नाही, परतीच्या प्रवासात जीव नको होतो. येताना कडेची सीट धरा, म्हणजे कोणाला न उठवता डब्यात फेऱ्या मारता येतील.

गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत हे बऱ्याच जणींना होतं आणि बाळंतपणानंतर सहसा जातं. तरी लोह तपासून घ्याच.

एवढं करूनही झोप मोडत असेल तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. हल्ली गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन या औषधांचा विचार आधी होतो. याच त्रासावरचं प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल हे औषध चालू असेल आणि त्रास रात्रीऐवजी दुपारीच सुरू व्हायला लागला, किंवा हातांतही जाणवू लागला, तर डोस वाढवू नका. त्याच औषधाने दुखणं बळावत असू शकतं. लगेच डॉक्टरांना सांगा.