हात दुखत नाही म्हणून काम रेटताय? या चुका टाळा

छताची पुट्टी घासायला आलेला प्रत्येक नवा गडी पहिल्या दिवशी एकच वाक्य ऐकवतो, "दादा, हात मस्त चालतोय." चालतोय खरा. पण कुणाच्या जिवावर, ते कोणी बघत नाही.

एक पोरगा असाच. सकाळी नऊला मान सरळ, अंग मोकळं. अकराला बघतो तर खांदा इतका वर चढलेला की बाहीवरची भुकटी लागून कानाची पाळी पांढरी झालेली. कंबर मागे कललेली. छत मात्र सकाळइतकंच सफाईदार. थांब म्हटलं, तर म्हणे एवढी खोली उरकतो. मलाही घाई होती, सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याची मान वळेना. हात? ठणठणीत!

हात वर धरून ठेवला की आखडलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे तो लवकर दमतो. पण तो दमला म्हणून मेंदू काम थांबवत नाही, वाटून देतो. आधी त्याच स्नायूतले राखीव तंतू जुंपतो, मग मानेजवळचा स्नायू, पाठ, कंबर. घासकाम तसंच दिसतं, ते करणारं अंग बदललेलं असतं. ही शरीराची हुशारीच आहे, पण उसनवारीची. तिच्यावर अख्खा दिवस काढायचा नसतो. म्हणून मी दुखण्याची वाट बघत नाही, खांदा आणि कान यांच्यातलं अंतर बघतो. ते घटलं की हात अर्धा मिनिट खाली सोडायचे आणि उभ्या भिंतीचं काम घ्यायचं. घासायच्या कागदाला लांब दांडा लावून घासलं तर हात छातीपाशी राहतात, पण नवख्यांना दांडा नको असतो. म्हणे, वेळ जातो. मान धरल्यावर दोन दिवस घरी बसतात, तो वेळ यांच्या हिशोबात नसतो.

दहा मिनिटं टेकलो की ताजातवाना, हाही भ्रमच. थकवा जाणवेनासा होतो, पण स्नायूची ताकद कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत कमीच राहते. म्हणून जेवणानंतर मी छत घेत नाही.

कागद आवळून धरू नका. दमलेला माणूस नकळत मूठ आवळतो.

दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचं खापर काम करताना स्नायूत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडवर फोडू नका. ते साधारण तासाभरात निघून गेलेलं असतं. ठणका तंतूंना झालेल्या बारीक इजेचा असतो आणि एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवतो.

आणि पंधरा दिवसांत "आता सवय झाली" म्हणून काम दुप्पट करणारे! सुरुवातीची प्रगती बरीचशी नसांची असते, मेंदूला तंतू नीट जुंपता येऊ लागतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना तयार व्हायला महिने लागतात. कोपर धरून माझ्याकडे येणारे बहुतेक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातले असतात, पहिल्या आठवड्यातले नाहीत.