एमएचटी-सीईटीची तयारी : पुस्तकांची आणि कागदपत्रांची

बारावी विज्ञान शाखेनंतर अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा कृषी पदवीसाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याने तयारीला अकरावीतच लागावे, आणि ती केवळ अभ्यासाची नसावी. अभ्यासात थोडा कमी पडलेला विद्यार्थी निदान पसंतीच्या यादीतील खालच्या महाविद्यालयात तरी प्रवेश घेतो; परंतु चांगले गुण मिळवूनही जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत हाती न आल्यामुळे राखीव जागेवरचा हक्क गमावून खुल्या प्रवर्गाच्या रांगेत उभे राहावे लागलेली मुले पाहिली की फार वाईट वाटते, कारण ते नुकसान पूर्णपणे टाळता येण्याजोगे असते. म्हणून या यादीत कागदपत्रे आधी घेतली आहेत.

राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याने जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे प्रथम समजून घ्यावे. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, यांच्या कार्यालयातून मिळतो. त्याची पडताळणी करून वैधता देण्याचे काम जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती करते, आणि अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र तपासणी समित्या आहेत. वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयाचे पत्र जोडून करता येतो, आणि तो बारावीचा निकाल लागेपर्यंत मुळीच थांबवू नये. या प्रस्तावात खरा वेळ जातो तो जुना पुरावा शोधण्यात. जात व वास्तव्य यांचा पुरावा अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या पूर्वीचा लागतो. त्यामुळे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी घ्यावा लागतो. त्या रजिस्टरात आजोबांचे नाव ‘गणपत’ऐवजी ‘गणू’ असे लिहिलेले असते, आडनावाच्या जागी गावाचे नाव असते, काही ठिकाणी नोंद मोडीत असते आणि तिचे प्रमाणित लिप्यंतर करून घ्यावे लागते. ‘गणू’ आणि ‘गणपत’ ही एकच व्यक्ती आहे हे दाखवणारे प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ यांची जुळवाजुळव मे महिन्याच्या धावपळीत होत नाही. अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत ती निवांतपणे होते. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत आवर्जून जोडावी, कारण त्याने काम बरेच सोपे होते.

इतर दाखल्यांचे काम तुलनेने हलके आहे, मात्र प्रत्येकाची मुदत आणि नमुना पाहिला पाहिजे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्र लागते, आणि ते ३१ मार्चला संपणारे असते; म्हणजे गेल्या वर्षी भावासाठी काढलेला दाखला यंदा चालेल असे गृहीत धरू नये. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यात असावे, केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र राज्याच्या प्रवेशात उपयोगी पडत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्व व जन्मस्थळ स्पष्ट नोंदलेले आहे का ते पाहावे आणि नसल्यास अधिवास प्रमाणपत्रासाठी सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज करावा. मुलींच्या पालकांनी उत्पन्नाचा दाखला विशेष लक्ष देऊन काढावा, कारण वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२४मध्ये घेतला आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर या सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाच्या नियमांत स्वतंत्र उमेदवार-प्रकार आहे. तिथल्या पालकांनी आपले गाव वादग्रस्त भागातील असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला विहित नमुन्यात तयार ठेवावा.

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाचा अर्ज भरताना दहावीची गुणपत्रिका समोर ठेवावी आणि नाव अक्षरशः तिच्यावरून उतरवावे. मोबाइल क्रमांक व ईमेल विद्यार्थ्याचा किंवा पालकांचाच द्यावा, सायबर कॅफेवाल्याचा कधीही देऊ नये, कारण पुढील प्रत्येक ओटीपी त्यावरच येतो.

आता अभ्यास. परीक्षा संगणकावर होते, एकूण २०० गुणांची असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे निव्वळ तोटा आहे. पीसीएम गटात भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एका गुणाचे आणि गणिताचे ५० प्रश्न दोन गुणांचे असतात. पीसीबी गटात गणिताच्या जागी जीवशास्त्राचे एका गुणाचे १०० प्रश्न येतात. म्हणजे पीसीएमच्या विद्यार्थ्याचे निम्मे गुण एकट्या गणितात आहेत, आणि अभ्यासाच्या वेळापत्रकातही गणिताला तोच वाटा मिळाला पाहिजे. सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाला व ८० टक्के बारावीला असतो. अकरावीची सगळी प्रकरणे येत नाहीत, निवडक येतात. त्यांची यादी कक्ष जाहीर करतो. गणितात स्ट्रेट लाइन, सर्कल, प्रोबॅबिलिटी यांसारखी प्रकरणे त्यात आहेत, ती बारावीच्या वर्षात विसरली जातात आणि बोर्डाची परीक्षा संपल्यावर पुन्हा पाहायला फार थोडे आठवडे उरतात. २०२५मध्ये बारावीची लेखी परीक्षा मार्चमध्ये संपली आणि ९ एप्रिलला पीसीबी गटाची, १९ एप्रिलला पीसीएम गटाची सीईटी सुरू झाली, यावरून अंदाज घ्यावा. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की विज्ञानाचे विषय मराठीतून देता येतात, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो.

वेळेचा सराव हा स्वतंत्र विषय आहे. भौतिक व रसायन यांच्या १०० प्रश्नांना मिळून ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद मिळतात. गणिताच्या ५० प्रश्नांना तितकीच ९० मिनिटे मिळतात. पहिल्या भागात वाचलेला वेळ दुसऱ्या भागात वापरता येत नाही. म्हणून पहिल्या भागात लांबलचक आकडेमोडीचा प्रश्न दिसताच त्यावर खूण करून पुढे जाण्याची सवय लावावी, आणि सराव चाचणी मोबाइलवर न देता माऊस लावलेल्या संगणकावर, कॅल्क्युलेटर न घेता, सलग तीन तास बसून द्यावी. ५४ सेकंदांत लॉगचे मूल्य अंदाजाने काढणे हे कौशल्य आहे आणि ते हातानेच येते.

परीक्षेच्या दिवशी छापील हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र सोबत असावे. केंद्र शहराबाहेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असणे नेहमीचेच आहे, त्यामुळे आदल्या दिवशी रस्ता पाहून यावा.

परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून निकाल गुणांत न येता पर्सेंटाइलमध्ये येतो: आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवलेले उमेदवार शेकडा किती, तेवढे आपले पर्सेंटाइल. सकाळच्या सत्रातील १२० गुण आणि दुसऱ्या दिवशीच्या सत्रातील १२० गुण यांचे पर्सेंटाइल वेगळे असू शकते, तेव्हा मित्राच्या गुणांशी तुलना करून घरात उगाच रडारड होऊ देऊ नये. उत्तरतालिका प्रसिद्ध झाली की आपली उत्तरे डाउनलोड करून तपासावीत. आक्षेपासाठी प्रश्नामागे शुल्क भरावे लागते, म्हणून पाठ्यपुस्तकातील आधार सापडला तरच आक्षेप नोंदवावा. त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा विकल्प अर्ज, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, येतो. महाविद्यालयांचा क्रम मागील वर्षीच्या कटऑफवरून न ठरवता आपल्या इच्छेप्रमाणे लावावा, कारण पसंती वर लिहिल्याने खालची संधी कमी होत नाही. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती जागा घ्यावीच लागते, तेव्हा पहिल्या ओळीत जे महाविद्यालय आणि जी शाखा लिहायची ती घरच्यांशी बोलून, शक्य असल्यास तिथे एकदा जाऊन, मगच लिहावी.