पूर्वहंगामी उसात एआयचा सल्ला: आधी वीस गुंठ्यांवर पडताळा

पूर्वहंगामी उसाची लागवड १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरपर्यंत चालते. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसात एआयचे प्रयोग केले, राज्याचे २०२५ ते २०२९ साठीचे महाॲग्री-एआय धोरणही आले. त्यामुळे ‘सेन्सर, उपग्रह आणि फोटोंवरून मोबाईलवर येणारा एआयचा (कृत्रिम बुद्धिमत्तेचा) सल्ला आपणही घ्यावा का?’ हा प्रश्न यंदा बांधाबांधावर आहे. ‘यंत्राला मातीतले काय कळते’ म्हणून मोडीत काढू नका आणि मोबाईल म्हणतो म्हणून सगळ्या रानाला लावूही नका. एकाच रानात वीस गुंठे सल्ल्याप्रमाणे आणि शेजारचे वीस गुंठे नेहमीप्रमाणे करा. जात, बेणे, लागवडीची तारीख, सरीचे अंतर दोन्हीकडे एकच हवे. प्रत्येक तुकड्याला वेगळा व्हॉल्व्ह आणि पाण्याचे मीटर बसवा. मीटर नसेल तर मोटार किती तास चालली ते त्याच दिवशी वहीत टिपा.

सल्ला चुकण्याचे मूळ अनेकदा ओलाव्याच्या सेन्सरपाशी असते. सेन्सर ड्रिपरच्या थेट खाली बसवला तर तो कायम ओल दाखवतो आणि ऊस सुकत असतानाही पाणी नको म्हणतो. उसाच्या ओळीतच, ड्रिपरपासून चार ते सहा इंच बाजूला बसवा. एक आठ-दहा इंच खोल, दुसरा दीड फुटावर. गिरमिटाने सेन्सरच्याच जाडीचे भोक पाडा, निघालेली माती चाळून पाण्यात पळीवाढी कालवा, ती भोकात ओता आणि मग सेन्सर दाबून बसवा. भोवती हवेची पोकळी राहिली की आकडे भरकटतात. माती बसेपर्यंत पहिल्या आठवड्यातील आकड्यांवर निर्णय घेऊ नका.

काळ्या रानात आणखी एक अडचण येते. माती आकसून सेन्सरलगत भेग पडते, पाणी भेगेतून सरळ खाली जाते. पाणी दिल्यावर खालचा सेन्सर वरच्याच्या आधी ओला झाला, तर भेग पडली असे समजा आणि सेन्सर काढून पुन्हा बसवा. मोठ्या बांधणीत वर मातीची भर पडते, म्हणजे सेन्सर तेवढा खोल जातो. बांधणीआधी तो काढून ठेवावा आणि नंतर नव्या पृष्ठभागापासून मोजून लावावा. वायर अवजारात तुटतात, म्हणून जागेवर उंच खुंटी ठोका.

आकडा कोणत्या मापात आहे हे बसवणाऱ्याकडून लिहून घ्या. टक्क्यांत आकडा कमी झाला की माती वाळली, सेंटीबारमध्ये (माती पाणी किती ताणून धरते त्याचे माप) मात्र आकडा वाढला की वाळली. या उलटसुलट हिशेबात पाणी नको तेव्हा दिले जाते. खात्रीसाठी आठ इंचांवरची माती मुठीत दाबा. गोळा होत नसेल आणि मोबाईल ‘पुरेशी ओल’ म्हणत असेल, तर मुठीवर भरवसा ठेवा.

उपग्रहाच्या नकाशात साधारण १० मीटर बाय १० मीटरचा एक ठिपका असतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. दोन गुंठे लाल, म्हणजे पीक कमजोर, दिसले तर तिथे चालत जा. बांधावरची झाडे कडेचे ठिपके बिघडवतात आणि तणही हिरवेच दिसते. ढगाळ दिवसांत चित्र जुने असू शकते, तारीख पाहा.

पानाच्या फोटोवरून सल्ला घेताना एकच पान पाठवू नका. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या रानात लोहाची कमतरता संभवते. जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची. बुडातून बारीक, पांढरट फुटव्यांचा झुबका आला असेल तर तो गवताळ वाढ रोग, ते बेट उपटूनच काढावे लागते. तिन्हींचा फोटो सारखाच ‘पिवळा’ दिसू शकतो, म्हणून संपूर्ण बेटाचा, कोवळ्या आणि जुन्या पानाचा, असे तीन फोटो द्या. औषधाचे नाव व मात्रा आली तर डब्यावरच्या लेबलमध्ये ऊस लिहिला आहे का, ते बघितल्याशिवाय फवारू नका. शंका आली तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारा.

सल्ला सकाळी अकराला दोन तास पाणी द्या म्हणतो आणि वीज रात्री असते, ही तक्रार अगदी रास्त आहे. विजेचे आणि कालव्याच्या पाळीचे वेळापत्रक सेवा देणाऱ्याला आधीच कळवा. ते बदलले की पुन्हा कळवा. खताचेही तसेच: पूर्वहंगामी उसाला हेक्टरी ३४०:१७०:१७० किलो नत्र, स्फुरद, पालाश, म्हणजे एकरी १३६:६८:६८. सल्ला यापेक्षा बराच कमी-जास्त निघाला तर माती परीक्षणाच्या अहवालातला कोणता आकडा धरला, ते विचारा. सेवेच्या करारावर सही करण्याआधी रानाची माहिती कोणाला दिली जाणार हेही लेखी मागा.

तोडणीआधी दोन्ही तुकड्यांत पाच-पाच ठिकाणी सरीची दहा फूट लांबी मोजून गाळपालायक ऊस मोजा. पाच फुटी सरीत दहा फुटांत ४५ ते ५० ऊस म्हणजे एकरी साधारण ३९ ते ४३ हजार. टोळीला आधीच सांगून दोन्ही तुकड्यांच्या गाड्या वेगळ्या भरा आणि काट्यावर पावत्याही वेगळ्या घ्या.